पानं रंगवणारीचं नाव

जुनी अमेरिकी रंगीत भांडी जमवणाऱ्यांमध्ये ताटलीची किंमत कशी ठरते ते सगळ्यांना पाठ आहे. टवका नको, झिलईला तडा नको, सुरीचे ओरखडे नकोत, तळाचा शिक्का ठसठशीत हवा आणि नक्षी अशी हवी की दुसऱ्याकडे नसावी. यांतलं एखादं कमी पडलं की किंमत निम्म्यावर. या हिशेबात एक गोष्ट कुणी धरत नाही, ती म्हणजे ताटली रंगवली कुणी. माझ्या मते पहिला प्रश्न तोच असायला हवा, आणि तो विचारायला आता फार थोडी वर्षं उरली आहेत.

मी मूळची सांगलीची. तिथे शाळेत चित्रकला शिकवत होते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला मुलं बसवायची, त्यांच्याकडून मुक्तहस्तचित्रं घोटून घ्यायची, हे माझं काम. मुक्तहस्तचित्र तपासताना आधी पाहायचं ते हे, की रेघ एका दमात आली आहे की घाबरत, तुकड्यातुकड्यांनी जोडलेली आहे. खोडरबर फिरवून पुन्हा काढलेली रेघ कितीही अचूक असली तरी ओळखू येते. पुढे नवऱ्याच्या नोकरीमुळे टेनेसी राज्याच्या पूर्व टोकाला, जॉन्सन सिटीत राहायला आले. तिथून मोटारीनं थोड्या अंतरावर, नोलिचकी नदीच्या खोऱ्यात इर्विन नावाचं सुमारे सहा हजार वस्तीचं गाव आहे. मी जमवते त्या ताटल्या या एका गावातल्या. मला त्यांचा नाद लागला तो त्या जुन्या आहेत म्हणून नव्हे. त्यांच्यावरची रेघ एका दमाची आहे म्हणून.

या खोऱ्यातून क्लिंचफील्ड रेल्वेनं टाकलेली लाइन जाते. केंटकीच्या कोळसापट्ट्यातून निघून बोगद्यामागून बोगदे पार करत ती साऊथ कॅरोलायनातल्या स्पार्टनबर्गला पोहोचते. लाइन बांधून झाली तेव्हा रेल्वेला तिच्यावरून न्यायला माल हवा होता, म्हणजे लाइनीच्या कडेला कारखाने हवे होते. आसपासच्या डोंगरांत केओलिन माती आणि फेल्डस्पार मिळत होतं, भट्टीसाठी कोळसा गाडीनं दारात येत होता. १९१६-१७ मध्ये इर्विनला चिनी मातीच्या भांड्यांचा कारखाना उभा राहिला. कसलेले कामगार ओहायोतून आणले. गावाची आणि कामगारांच्या घरांची आखणी करायला ग्रोव्हनर अ‍ॅटरबरी हा वास्तुविशारद नेमला. न्यूयॉर्कमधल्या फॉरेस्ट हिल्स गार्डन्सची घरं त्याचीच. ती छोटी, उतरत्या छपरांची घरं इर्विनमध्ये अजून आहेत आणि त्यांत माणसं राहतात.

१९२० मध्ये कंपनी ‘सदर्न पॉटरीज’ या नावानं नोंदली गेली. सुरुवातीचा माल इतर चार कारखान्यांसारखाच होता. पांढऱ्या ताटलीवर छापील फुलांचा पातळ कागद चिकटवायचा आणि भाजायचं. कारखाना चार्ल्स फोरमन यांच्या हाती आल्यावर चित्र बदललं. १९३० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी छापील नक्षी मागे टाकली आणि झिलईखाली हातानं रंगवायचं काम सुरू केलं. त्यासाठी गावातल्या आणि डोंगरांतल्या वाड्यावस्त्यांवरच्या मुली-बायकांना कुंचला धरायला शिकवलं. या मालाला नाव मिळालं ‘ब्लू रिज’, त्या भागातल्या डोंगररांगेचं. दुसऱ्या महायुद्धात जपान आणि युरोपातून येणारी भांडी थांबली आणि अमेरिकी कारखान्यांना रान मोकळं मिळालं. इर्विनचा कारखाना ऐन भरात होता तेव्हा तिथे हजारावर माणसं कामाला होती आणि त्यांतल्या निम्म्याच्या आसपास रंगवणाऱ्या होत्या. हातानं रंगवलेली भांडी काढणारा हा देशातला सर्वांत मोठा कारखाना मानला जाई. आजच्या इर्विनची वस्ती डोळ्यांसमोर आणली की कळतं, गावात असं घर क्वचितच असेल जिथली एखादी बाई, मुलगी किंवा सून तिथे गेली नसेल.

आता कामाची रीत सांगते, कारण माझं सगळं म्हणणं तिच्यावर उभं आहे. पहिल्या भाजणीतून निघालेली ताटली कोरडी आणि सच्छिद्र असते. पाण्यात कालवलेला रंग ती टेकताक्षणी पिऊन टाकते. कुंचला ठेवला की ठेवला. पुसायची, सरळ करायची सोय नाही. थांबलात तर थांबल्या जागी डाग गडद होतो. म्हणून पान काढायचं तर भरलेला कुंचला टोकावर टेकवायचा, दाबत पुढे न्यायचा, पान रुंद झालं की हलकेच उचलायचा. एक फटकारा, एक पान. पाकळीही तशीच. कुंचला दाबला तिथे रंग पातळ होऊन खालचा पांढरा दिसतो, उचलला तिथे रंग साठून गडद होतो, आणि पानाला आपोआप उजेड-सावली येते. वेगळी छटा द्यावी लागत नाही. सांगलीत मुलांना हे शिकवताना माझा घसा कोरडा पडायचा. इथे हे ज्यांनी केलं त्यांतल्या बहुतेकींनी चित्रकलेची शाळा पाहिली नव्हती.

रंगवणाऱ्या गटानं बसत. नमुन्याची ताटली समोर ठेवलेली. नमुने कारखान्यातले नक्षीकार करत; लेना वॉट्स या त्यांतल्या प्रमुख. एकीनं देठ ओढायचा, दुसरीनं पानं टाकायची, तिसरीनं पाकळ्या, चौथीनं मधले ठिपके आणि कडेची रेघ. मग ताटली झिलईत बुडायची आणि दुसऱ्या भाजणीला जायची. भट्टीतून आली की रंग काचेखाली कायमचा बंद. चार हजारांवर नक्ष्या त्या कारखान्यात झाल्या असं जाणकार सांगतात. ‘क्रॅब अ‍ॅपल’ ही त्यांतली खूप खपलेली नक्षी, लाल फळं आणि हिरवी पानं. तिच्या माझ्याकडे बऱ्याच ताटल्या आहेत आणि कुठल्याही दोन सारख्या नाहीत. एकीतली पानं रुंद, घाईनं टाकलेली, देठाला न शिवणारी. दुसरीतलं प्रत्येक पान देठातून फुटलेलं, आणि शेंड्याला कुंचला उचलता उचलता उजवीकडे दिलेली बारीकशी मुरड. ही मुरड मला पुढे दुसऱ्याच नक्षीच्या वाडग्यावर सापडली, मग एका साखरदाणीवर. नक्षी वेगळी, आकार वेगळा, मुरड तीच. ही बाई कोण ते मला माहीत नाही. पण तिचं मनगट मी ओळखते. माझ्या वर्गातल्या मुलांची रेघ नाव झाकलं तरी ओळखू यायची, तसंच हेही.

जमवणाऱ्यांच्या पुस्तकांत हे सापडत नाही. त्या पुस्तकांबद्दल मला आदर आहे. बेटी आणि बिल न्यूबाउंड या दांपत्यानं ब्लू रिजच्या नक्ष्या एकेक करून लावल्या, छायाचित्रं दिली, आकार ओळखून दिले. अनेक नक्ष्यांची कारखान्यातली नावं कळायला मार्ग नव्हता, तेव्हा जमवणाऱ्यांनीच त्यांना नावं दिली. आज आम्ही एकमेकांशी बोलतो ते त्या नावांनी. हे मोठं काम आहे. पण या कामात नक्षीला नाव मिळालं, ताटलीच्या घाटाला नाव मिळालं, तळाच्या शिक्क्यांचा क्रम लागला, आणि रंगवणारी राहून गेली. तिचं नाव येतं ते एकाच ठिकाणी. कारखान्यानं काही निवडक रंगवणाऱ्यांकडून मोठ्या ताटल्यांवर टर्की, जुन्या लाकडी झोपड्या अशी चित्रं काढून घेतली आणि त्यांवर त्यांना सही करू दिली. या सह्यांच्या ताटल्या आज साध्या ताटलीच्या कितीतरी पट महाग आहेत. सही असली की किंमत वाढते, म्हणजे नावाला मोल आहे हे बाजारालाही कबूल आहे. मग बाकीच्या शेकडोजणींची नावं शोधायला नकोत का?

नावं नसण्याचं एक कारण कामाच्या वाटणीत आहे. ताटली चौघींची, सही कुणाची घालणार? न्यू जर्सीतल्या स्टँगल कारखान्यात मातीचे पक्षी रंगवले जात आणि त्यांच्या तळाशी रंगवणाऱ्यांची आद्याक्षरं सापडतात. तिथे एक पक्षी एका हाताखालून जाई, म्हणून ते जमलं. पण मिनेसोटातल्या रेड विंगची ‘बॉब व्हाइट’ ही १९५५ ची लाव्यांची नक्षी घ्या. ती आखणाऱ्या चार्ल्स मर्फी यांचं नाव कुठल्याही जमवणाऱ्याला झोपेतून उठवून विचारा, सांगेल. ते लावे दिवसभर रंगवणाऱ्या बायकांची नावं विचारा. कॅलिफोर्नियातल्या ‘फ्रान्सिस्कन’च्या १९४१ पासूनच्या ‘डेझर्ट रोझ’चंही तेच. गुलाबाची उठावाची पाकळी साच्यातून यायची आणि रंग हातानं भरला जायचा. १९८४ मध्ये तो कारखाना बंद झाला आणि उत्पादन इंग्लंडला गेलं. नक्षी टिकली. रंग भरणाऱ्या घरी गेल्या.

आपल्या घरातल्या भांड्यांवर नाव घालायची पद्धत आहे. बोहारणीला द्यायला काढलेल्या पातेल्यावरसुद्धा आत्याचं नाव, लग्नाची तारीख आणि ‘सप्रेम भेट’ कोरलेलं असतं, त्यामुळे पन्नास वर्षांनीही कुणी काय दिलं ते कळतं. देणाऱ्याचं नाव आपण इतकं जपतो. ते पातेलं ठोकून घडवणाऱ्या तांबटाचं मात्र नाही. इर्विनच्या ताटलीवर देणाऱ्याचंही नाही, घडवणारीचंही नाही. फक्त कंपनीचा शिक्का.

इथे इस्टेट सेल नावाचा प्रकार असतो. घरातलं मोठं माणूस गेलं किंवा वृद्धाश्रमात गेलं की मुलं दूरच्या शहरांतून येतात, घर उघडतात, कपाटातल्या सुईदोऱ्यापर्यंत सगळ्यावर किमतीच्या चिठ्ठ्या लावतात. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं निम्म्या किमतीत. जॉन्सन सिटीच्या आसपासच्या अशा घरांत ब्लू रिज हमखास असते. एका घरी मी टेबलावरच्या ताटल्या उलटसुलट करून पाहत होते. शेजारी एक पांढऱ्या केसांची बाई उभी होती, घरातल्यांची शेजारीण. मी शिक्का सोडून पानंच निरखते आहे हे पाहून ती जवळ आली. म्हणाली, “पानं बघते आहेस का, बाळ? माझी मावशी पानंच करायची. आयुष्यभर पानं. फुलं तिला कधी दिलीच नाहीत.” मी विचारलं, फुलं करणारीला जास्त मान असे का? ती म्हणाली, “मान म्हणजे काय ते माहीत नाही. पण मावशी घरी आमच्या वाढदिवसाच्या केकवर साखरेची फुलं काढायची. पानं कधी काढत नसे.” मी मावशीचं नाव विचारलं, स्पेलिंग विचारलं, कुठल्या साली कामाला होती ते विचारलं, आणि तिथेच लिहून घेतलं. तिला आश्चर्य वाटलं. आजवर जमवणारे पुष्कळजण तिला भेटले होते, म्हणाली, पण ते तिला ताटल्याच विचारायचे.

त्या दिवसापासून प्रत्येक विक्रीत मी तिथल्या माणसांशी आधी बोलते आणि मग भांड्यांकडे वळते. कुठली ताटली कुठल्या घरातून आली, त्या घरातलं कारखान्यात कुणी होतं का, ती काय रंगवायची, तिचं माहेर कुठलं, हे एका कागदावर लिहून तो कागद ताटलीसोबत ठेवते. उत्तर मिळालं नाही तर फक्त घराचं ठिकाण आणि साल.

यावर दोन आक्षेप ऐकले आहेत. पहिला असा, की हे कारखान्याचं काम, नमुना बघून शंभरदा तेच काढायचं. याला कला म्हणू नये. कला म्हणा अथवा म्हणू नका, माझा आग्रह नाही. पण शंभरदा तेच पान एका फटकाऱ्यात काढणारीचं शंभरावं पान कसं असतं ते पाहा. त्यात संकोच राहिलेला नसतो. चित्रकलेच्या शिक्षकाला याची किंमत कळते. आजकाल दुकानांत ‘हातानं रंगवल्यासारख्या’ ताटल्या मिळतात, कुंचल्याचे फटकारे छापलेल्या. सहा घेतल्या तर सहाही पानांची शेंडी तशीच मुरडलेली, तोच थेंब त्याच जागी. हात असल्याचं सोंग विकत घ्यायला लोक तयार आहेत आणि खरा हात थ्रिफ्ट स्टोअरमध्ये डॉलरभराला पडून आहे, हे मला सहन होत नाही.

दुसरा आक्षेप आमच्याच माणसांचा. आपण मराठी लोक, आपल्याला या डोंगरी बायकांच्या ताटल्यांशी काय करायचं? मी म्हणते, आपण जिथे राहतो, घर घेतो, मुलं वाढवतो, तिथली माणसं काय करून जगली हे आपल्याला ठाऊक असायला नको का? अमेरिकेतल्या आमच्या घरांत मोठ्या दुकानातून आणलेले पांढरे संच असतात, सगळीकडे तेच. ओहायोत राहणाऱ्या मराठी कुटुंबाच्या आसपास मातीच्या भांड्यांची सगळी गावंच्या गावं होती. पेनसिल्व्हेनियातल्या शिपेनव्हिलला पुरिंटनचा कारखाना होता, १९४१ ते १९५९. हे शोधायला दूर जावं लागत नाही. शनिवारी सकाळी एक फेरी पुरते.

जमवणाऱ्यांना एक गोष्ट सावधगिरीची सांगते, कारण या भांड्यांच्या प्रेमात ती विसरली जाते. त्या काळच्या झिलईत शिसं असे. भांड्यातून अन्नात उतरणाऱ्या शिशावर अमेरिकेत मर्यादा आल्या त्या १९७० च्या दशकात, म्हणजे ब्लू रिज बंद पडल्यावर. झिलईला केसासारखे तडे गेले असतील तर धोका वाढतो, आणि आंबट पदार्थ शिसं अधिक ओढून घेतात. तेव्हा यांत लोणचं, चिंचेची आमटी, सोलकढी, लिंबू पिळलेलं काही ठेवू नका. लहान मुलांना रोज यात जेवायला देऊ नका. मायक्रोवेव्ह आणि भांडी धुण्याचं यंत्र दोन्हीपासून दूर ठेवा. मी त्यांत आख्खे अक्रोड, सालासकटची केळी, दिवाळीत पणत्या ठेवते. मी त्या कपाटात बंद करून ठेवत नाही. भिंतीवर आणि टेबलावर असतात, दिवसाच्या उजेडात, जिथे फटकारा दिसतो.

१९५० नंतर जपानी माल बाजारात परतला. मेलामाइनच्या न फुटणाऱ्या ताटल्या आल्या. हातानं रंगवायची मजुरी त्या किमतीत बसेना. माणसं कमी झाली, कामाचे तास कमी झाले, आणि १९५७ च्या जानेवारीत भागधारकांनी कारखाना बंद करायचं ठरवलं. म्हणजे शेवटच्या वर्षी कामाला लागलेली अठरा वर्षांची मुलगी आज नव्वदीला टेकत आली आहे. ताटल्या टिकतील, भाजलेली माती शेकडो वर्षं टिकते. दुर्मीळ नक्षी आज मिळाली नाही तर दहा वर्षांनी कुणाच्या तरी तळघरातून निघेल. पण चौथ्या टेबलाशी पानं कोण करायचं, हे सांगणारी दहा वर्षांनी मिळणार नाही. म्हणून दुर्मीळ किटलीच्या मागे वर्ष घालवणाऱ्यांना माझं सांगणं आहे की ते वर्ष त्या किटलीवर घालवू नका. तिच्यासाठी साठवलेल्या पैशांत एक ध्वनिमुद्रक घ्या.

इर्विनला मासे-पैदास केंद्राच्या आवारातल्या जुन्या घरात युनिकॉय काउंटीचं वारसा-संग्रहालय आहे. तिथे ब्लू रिजसाठी जागा राखलेली आहे. जॉन्सन सिटीत ईस्ट टेनेसी स्टेट युनिव्हर्सिटीचं ‘आर्काइव्ह्ज ऑफ अ‍ॅपलाचिया’ आहे, जिथे डोंगरातल्या माणसांच्या आठवणी आणि आवाज जपले जातात. ऑक्टोबरच्या सुरुवातीला इर्विनला सफरचंदांचा उत्सव भरतो, तेव्हा ब्लू रिजच्या भांड्यांचं प्रदर्शन आणि विक्रीही असते. दूरदूरच्या राज्यांतून जमवणारे येतात आणि गावातली जुनी माणसंही येतात, आपल्या घरच्या ताटल्या बघायला. सगळे एका छपराखाली असतात. तिथे भांडी विकायच्या टेबलांच्या रांगेत एक टेबल असं हवं जिथे काही विकायचं नाही. दोन खुर्च्या, एक ध्वनिमुद्रक, आणि कागद: नाव, माहेरचं आडनाव, गाव, कामाची वर्षं, काय रंगवलं, शेजारी कोण बसायचं. शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, कारण एकीला दुसरी आठवते आणि त्यातून चौघी मिळतात. जमलेला ऐवज आर्काइव्हला द्यायचा आणि त्याची एक प्रत गावातल्या संग्रहालयात ठेवायची. आयोजकांना मी असं पत्र लिहिलं आहे. टेबलाचं भाडं मी भरेन आणि उत्सवाचे दोन्ही दिवस खुर्चीवर बसेन, असंही त्यात लिहिलं आहे.